ओठाआडची पुरचुंडी

डिसेंबर १९६७ मध्ये स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून हेल्सिंगबोर्ग शहरात एक पत्र गेलं. पत्र लिहिणारे क्लास लुंडग्रेन आकाशात आणि समुद्राखाली माणसाच्या शरीराचं काय होतं, याचा अभ्यास करत. पत्र मिळालं ते ओव्हे फर्नो यांना. ते 'लिओ' या औषध कंपनीतले संशोधक होते आणि स्वतः सिगारेट ओढायचे. लुंडग्रेन यांनी लिहिलं होतं की, पाणबुडीवरच्या खलाशांना आत धूम्रपानाची बंदी असते. त्यातले सिगारेट ओढणारे तेवढ्यापुरती तोंडात तंबाखू धरतात आणि त्यांचं निभावतं. मग धुराशिवाय निकोटिन देणारी एखादी गोष्ट औषध म्हणून करता येणार नाही का?

आज युरोप-अमेरिकेत सिगारेट सोडलेली किंवा सोडू पाहणारी माणसं ओठाआड निकोटिनची जी पांढरी पुरचुंडी ठेवतात, तिची एक शाखा या पत्रापासून फुटते. दुसरी शाखा बरीच जुनी आहे आणि ती तपकिरीपासून निघते.

लिस्बनमधला फ्रान्सचा राजदूत जाँ निको याने १५६० च्या सुमारास राणी कॅथरिन द मेदिची हिच्याकडे तंबाखू पाठवली. डोकेदुखीवरचं औषध म्हणून तिची पूड नाकात ओढायची होती. फ्रान्सच्या दरबारात तपकिरीची चाल पडली आणि दरबारापासून दरबारापर्यंत पोचत ती स्वीडनला गेली. पुढे स्वीडनच्याच कार्ल लिनियसने या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात निकोचं नाव गोवलं. आपल्याकडे तपकिरीची डबी नाकापाशीच राहिली, फार तर दातांपर्यंत आली. स्वीडनच्या शेतकऱ्यांनी मात्र तिला वेगळीच वाट दाखवली. घरच्या तंबाखूची भरड पूड करायची, पाणी आणि मीठ घालून ओलसर ठेवायची आणि चिमूट वळून वरच्या ओठाखाली बसवायची. हे झालं स्नूस. चिमूट वरच्या ओठाखाली का? तिथे लाळ कमी सुटते, त्यामुळे थुंकावं लागत नाही. आपल्याकडे बार भरला जातो तो खालच्या ओठात किंवा गालात, आणि त्यामागून पिंक आलीच. जागेतला हा फरक पुढच्या सगळ्या गोष्टीत महत्त्वाचा ठरला, कारण जी वस्तू थुंकायला लावत नाही ती कचेरीत, शाळेत, आगगाडीत कुणाच्याही नकळत वापरता येते.

१८२२ मध्ये याकोब फ्रेडरिक युंगलोफ या स्टॉकहोमच्या कारखानदाराने 'एट्टान' नावाचं स्नूस बाजारात आणलं. एट्टान म्हणजे पहिला नंबर. ते आजही विकलं जातं. तोवर स्नूस महिनोन्‌महिने आंबवत ठेवलं जाई. युंगलोफने ते उष्णता देऊन तयार करायला घेतलं, त्यामुळे वेळ वाचला आणि माल दर वेळी सारखा निघू लागला. त्याला हवा होता धंद्यातला फायदा. पण आंबवण्याच्या क्रियेत जे जिवाणू वाढतात तेच तंबाखूत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक द्रव्यं वाढवतात, आणि उष्णतेने ते मरतात. ही द्रव्यं कुणाला ठाऊक होण्याच्या कितीतरी आधी, निव्वळ वेळ वाचवण्याच्या खटपटीत, एका देशाची तोंडातली तंबाखू इतर देशांपेक्षा कमी घातक झाली. या कुळकथेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी घटना ही आहे. कमी घातक म्हणजे निर्धोक नव्हे, हे मात्र लगेच सांगायला हवं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, स्वीडिश सरकारने तंबाखूचा सगळा व्यापार स्वतःच्या हाती घेतला. लष्कराच्या आणि पेन्शनच्या खर्चाला पैसा हवा होता. १९१९ मध्ये साठ लाखांहूनही कमी लोकसंख्येच्या या देशात सुमारे ७,००० टन स्नूस खपलं. त्यानंतर उतरण लागली. यंत्रावर वळलेली सिगारेट स्वस्त झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी राहणीचं वेड आलं आणि स्नूस म्हणजे म्हाताऱ्यांची, लाकूडतोड्यांची गावंढळ सवय ठरली. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलचा सिगारेट आणि फुप्फुसाच्या कर्करोगाविषयीचा अहवाल आला नसता, तर ती बहुधा तिथेच संपली असती. धुराची भीती बसल्यावर स्नूसकडे पुन्हा लक्ष गेलं. १९७३ मध्ये ते चहाच्या पिशवीसारख्या छोट्या पुरचुंड्यांत भरून विकायला सुरुवात झाली. बोटं माखणं, दातांत कण अडकणं हे सगळं थांबलं.

आता पुन्हा फर्नोंच्या प्रयोगशाळेत. त्यांच्यापुढची अडचण साधी नव्हती. निकोटिन हा अल्कधर्मी पदार्थ आहे. तोंडातलं वातावरण आम्लाकडे झुकलेलं असलं की ते गालाच्या अस्तरातून फारसं पलीकडे जात नाही, अल्कधर्मी झालं की सहज जातं. सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो, म्हणूनच तो तोंडात धरून पुरत नाही, छातीत ओढावा लागतो. फुप्फुसाचा पसारा एवढा मोठा की दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि त्याच झुरक्याबरोबर डांबर आणि कार्बन मोनॉक्साइडही आत जातात. फर्नोंनी निकोटिनसाठी च्युइंगगम निवडला. नुसतं मिसळलेलं निकोटिन भसकन सुटायचं, म्हणून त्यांनी ते एका राळेला बांधलं, जेणेकरून चावेल तसं थोडं थोडं सुटावं. तरी रक्तात पुरेसं जाईना. शेवटी गममध्ये क्षार घालून तोंड अल्कधर्मी केलं, तेव्हा जमलं.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या कुणालाही चुन्याची डबी आठवेल, आणि ती आठवण अगदी बरोबर आहे. तळहातावर तंबाखू टाकून, अंगठ्याने चुना मळून, वरून थाप मारून फोलपट उडवणारा माणूस नेमकं हेच करत असतो. चुना निकोटिनला मोकळं करतो. 'चुन्याशिवाय लागत नाही' हे शेताच्या बांधावरचं अनुभवाचं बोलणं रसायनशास्त्राला धरून आहे. स्वीडिश स्नूसमध्ये हेच काम सोडियम कार्बोनेट करतं, आणि आजच्या पांढऱ्या पुरचुंडीतही तेच.

फर्नोंचा गम 'निकोरेट' या नावाने १९७८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये औषध म्हणून मान्य झाला, अमेरिकेत १९८४ मध्ये. त्याआधीच लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रसेल यांनी लिहिलं होतं की, माणसं सिगारेट ओढतात निकोटिनसाठी, पण मरतात डांबराने. धूम्रपान सोडवण्याच्या औषधोपचाराचा सगळा विचार या वाक्यावर उभा राहिला. तंबाखूच्या पानातून निकोटिन वेगळं काढून, व्यसन सोडवण्यासाठी ते माणसाला पहिल्यांदा दिलं गेलं ते या गममध्ये. हेतू स्पष्ट होता : मात्रा उतरवत न्यायची आणि एक दिवस थांबायचं.

दोन शाखा एकत्र कशा आल्या, ते पाहायला थोडं कायद्याकडे वळावं लागेल. १९८५ मध्ये एका अमेरिकी कंपनीने स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडला तोंडात ठेवायच्या तंबाखूच्या पुरचुंड्यांचा कारखाना उघडला. नवी पिढी या नादाला लागेल, या धास्तीने ब्रिटनने अशा पुरचुंड्यांवर बंदी आणली, आणि १९९२ मध्ये युरोपीय संघाने अशा तंबाखूची विक्री सगळीकडेच बंद केली. १९९५ मध्ये संघात येताना स्वीडनने स्नूसपुरती सवलत पदरात पाडून घेतली. म्हणजे स्नूस बनवणाऱ्यांना घरात मोकळीक आणि दारापलीकडे मज्जाव. पण बंदी तंबाखूवर होती. पुरचुंडीत तंबाखूचं पानच नसलं तर ती त्या बंदीत बसत नाही.

पान काढून टाकण्याचं काम मात्र आधी औषधवाल्यांनी केलं. निकोटिनचं व्यसन मोजण्याची जगभर वापरली जाणारी प्रश्नावली ज्यांच्या नावाने ओळखली जाते, ते कार्ल ओलोव्ह फागरस्ट्रोम हेल्सिंगबोर्गच्याच 'निकोनोव्हम' कंपनीचे एक संस्थापक. तिने 'झॉनिक' नावाची निकोटिनची पुरचुंडी सिगारेट सोडवण्यासाठी आणली. २००९ मध्ये ही कंपनी विकत घेतली ती रेनॉल्ड्स अमेरिकनने, म्हणजे 'कॅमल' सिगारेटच्या मालकांनी. २०१४ मध्ये 'स्वीडिश मॅच' या स्नूस कंपनीने अमेरिकेत 'झिन' ही पुरचुंडी उतरवली : वनस्पतीचे तंतू, निकोटिनचा क्षार, सोडियम कार्बोनेट, गोडी, पुदिन्याचा वास, आणि तंबाखूचं पान नाही. २०२२ मध्ये फिलिप मॉरिस इंटरनॅशनलने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून स्वीडिश मॅच ताब्यात घेतली. ही कंपनी अमेरिकेबाहेर 'मार्लबोरो' विकते.

इथे मला अस्वस्थ व्हायला होतं. फर्नोंच्या गमची मात्रा उतरत जायची होती. नव्या पुरचुंडीला असा शेवटचा दिवस नाही. तीन मिलिग्रॅम, सहा मिलिग्रॅम, आणि इतर काही कंपन्यांच्या त्याहून कितीतरी कडक. सिगारेट आणि सिगारेटपासूनची सुटका एकाच दुकानदाराकडे असली की त्याचं हित गिऱ्हाईक टिकण्यात असतं.

तरीही सिगारेट ओढणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून पाहिलं तर चित्र बदलतं. सिगारेटवरून पुरचुंडीवर येणाऱ्याला पहिल्यांदा खटकतो तो वेळ. झुरक्याची तरतरी सेकंदांत येते, तर पुरचुंडीचं निकोटिन रक्तात हळूहळू चढतं. सुरुवातीला हिरडीवर चुणचुण होते, लाळ गिळली की घसा जळजळतो, उचक्या लागतात. कडक मात्रा घेतली तर मळमळतं. अस्वस्थ झालेला माणूस मग खाली जाऊन एक सिगारेट ओढून येतो आणि दोन्ही चालू राहतात. यात फायदा फार थोडा. धुराचं नुकसान कमी व्हायचं तर सिगारेट पुरती सुटायला हवी. जी पुरती सोडतात त्यांच्या फुप्फुसात डांबर जाणं थांबतं, आणि ही काही लहान गोष्ट नाही. स्वीडनमध्ये रोज सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवर आलं आहे, आणि तिथल्या पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू युरोपात सर्वांत कमी आहेत. त्यामागे कर आणि कायदेही आहेत, पण स्नूसचा वाटा नाकारता येत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये झिनच्या वीस प्रकारांना विक्रीची परवानगी दिली ती सिगारेटशी तुलना करूनच, आणि ही उत्पादनं सुरक्षित असल्याचा हा दाखला नव्हे, असंही बजावलं. निकोटिन नाडी आणि रक्तदाब वाढवतं, गर्भाला अपाय करतं आणि त्याची सवय सहज सुटत नाही. पांढऱ्या पुरचुंडीच्या वीस-तीस वर्षांच्या वापराचा हिशेब अजून मांडला जायचा आहे, कारण तिचं वयच तेवढं नाही.

आपल्याकडे या अदलाबदलीचा अर्थ उलटा होतो, म्हणून ती जशीच्या तशी उचलता येत नाही. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले जेमतेम ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि तोंडावाटे तंबाखू घेणारे २४.४ टक्के. गाय छाप मळणारे आहेत, मशेरी लावणाऱ्या बायका आहेत. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी असूनही पानमसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची दुसरी पुडी घेऊन हातावर एकत्र करणारे आहेत. भारतीय पुरुषांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग तोंडाचा आहे. इथे ज्यांना धुरातून बाहेर काढायचं अशी माणसं मूठभर. कधीच काही न घेतलेल्या कॉलेजच्या पोरांच्या हाती पुदिन्याच्या वासाची डबी पडणं, हा धोका त्याहून मोठा आहे.

आपल्याला उपयोगाची आहे ती कुळातली पहिली शाखा. फर्नोंचा गम आज आपल्या औषधाच्या दुकानांत मिळतो. तो साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहिलं तर निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं आणि वाया जातं. चार-सहा वेळा चावायचा, झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचा, झणझण ओसरली की पुन्हा चावायचा. आधी चहा-कॉफी किंवा लिंबूपाणी नको, कारण आंबटाने तोंडातला क्षार मारला जातो. बार धरायची सवय असलेल्या माणसाला ही रीत पटकन जमते. पण वर्षानुवर्षं बार धरलेल्या जागी पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल, तोंड पुरतं उघडत नसेल, तर गम हातात घेण्याआधी दंतवैद्याला तोंड दाखवायला हवं.