शिपायाचे हृदय

छातीत धडधडते, दम लागतो, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि डॉक्टर तपासून म्हणतात, "तुम्हाला काही झालेले नाही." असा माणूस तुमच्या गावात असेल, कदाचित घरातही. बरे, हे ऐकून त्याने निश्चिंत व्हावे, तर तो अधिकच धास्तावतो. या माणसाची कथा जुनी आहे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले. तेव्हा फिलाडेल्फियाच्या लष्करी रुग्णालयात जेकब दा कोस्टा हे डॉक्टर होते. अंगावर जखम नाही, पण चार पावलांत धाप लागते, छातीत कळ येते, असे शेकडो शिपाई त्यांनी पाहिले. हृदय तपासावे, तर पुष्कळांत दोष सापडेना! तरीही १८७१ सालच्या निबंधात त्यांनी बोल लावला तो हृदयालाच. लांबलांबच्या कूचा, ताप, हगवण यांनी ते चिडखोर झाले, असे त्यांचे मत. उपाय काय, तर विश्रांती आणि डिजिटॅलिस. त्यांना दोष देऊ नये. दुखणे छातीत होते, म्हणून त्यांनी छाती पाहिली. आपणही तेच करतो.

पुढे १८९५ साली व्हिएन्नात फ्रॉइड यांनी चिंतेचा विकार नसांच्या थकव्यापासून वेगळा काढला. पण पहिल्या महायुद्धात हे दुखणे "शिपायाचे हृदय" म्हणूनच परत आले. अखेर १९४१ साली इंग्लंडात पॉल वुड या हृदयाच्याच डॉक्टरांनी दाखवून दिले, की याचे मूळ बहुधा चिंतेत आहे. सत्तर वर्षे गेली!

१९८० साली अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांनी अवचित येणारा भीतीचा झटका आणि सततची काळजी यांची फारकत केली. या दुसऱ्याला आपण सर्वव्यापी चिंताविकार म्हणू. निदानाची मुदत आधी एक महिना होती, १९८७ साली सहा महिने झाली. योग्यच झाले. पाऊस लांबला, मुलीचे लग्न ठरेना, तर महिनाभर काळजी कुणाला नसते? पण सहा महिने, बहुतेक दिवस, अनेक गोष्टींची, आवरता न येणारी काळजी; जोडीला बेचैनी, थकवा, चिडचिड, आखडलेले अंग, उडालेली झोप, कामात न लागणारे चित्त, यांपैकी तीन तरी; आणि त्यापायी रोजचे व्यवहार अडू लागले, तर तो स्वभाव म्हणून सोडू नका. छातीत कळ आली, तर आधी हृदयच दाखवावे. थायरॉइड, रक्तक्षय, दिवसाचे दहा कप चहा, हेही पाहावे लागते.

१९६० साली लिब्रियम आणि १९६३ साली व्हॅलियम आले. गुण झटकन, पण सवयही लागते. अशी गोळी चालू असेल तर एकदम आपल्या मनाने बंद करू नये. आज मुख्यतः नैराश्यावरची काही औषधे देतात. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि नेमके तेव्हाच लोक कंटाळून ती सोडतात. दुसरी वाट बोलण्याची: मनातली काळजी तज्ज्ञापुढे मांडून ती कितपत खरी आहे, हे पारखायला शिकणे. तालुक्याला असा तज्ज्ञ नसेल, तर २०२२ पासून सरकारची "टेलिमानस" सेवा आहे. १४४१६ हा क्रमांक, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते.