फुल-फ्रेमची चौकट आणि कोल्हापूरचा कॅमेरा

१/ पावसाळा लागला की शाहूवाडी तालुक्यातील पावनखिंड, विशाळगड आणि आंबा घाटाच्या वाटांवर इतिहासप्रेमींची वर्दळ वाढते. त्यांतील अनेकांच्या गळ्यात आता फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा दिसतो. तो घेताना दोन प्रश्न हमखास निघतात: हातात कसा बसतो, आणि घरातली जुनी लेन्स त्यावर चालेल का? याच जातीच्या प्रश्नांशी कोल्हापूरचे काही कलावंत शंभर वर्षांपूर्वी झगडले होते.

२/ आधी शब्दाचा उगम. फुल-फ्रेम म्हणजे ३६ × २४ मिमीची चौकट. ती आली सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवरून. सिनेमाची चौकट साधारण २४ × १८ मिमी. फिल्म उभी सरकते आणि प्रत्येक चौकटीमागे कडेची चार छिद्रे जातात. जर्मनीत ऑस्कर बर्नाक यांनी तीच फिल्म आडवी धरली आणि दोन चौकटींची एक केली. त्यातून १९२५ साली लायका कॅमेरा बाजारात आला.

३/ तीच ३५ मिमी फिल्म त्यापूर्वीच कोल्हापुरात फिरू लागली होती. नाटकांचे पडदे रंगवणारे आनंदराव आणि बाबूराव पेंटर (मूळ आडनाव मेस्त्री) हे नात्याने भाऊ. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ने त्यांना चित्रपटाचे वेड लावले. फाळक्यांनी विल्यमसन कॅमेरा लंडनहून आणला होता. या भावांनी कॅमेरा स्वतः घडवायचे ठरवले.

४/ आरंभ झाला जुन्या प्रोजेक्टरपासून. यात नवल नाही. प्रोजेक्टर आणि कॅमेरा यांचे काळीज एकच असते: फिल्म क्षणभर थांबवायची, मग पुढची चौकट ओढायची. ल्युमिएर बंधूंचे १८९५ चे यंत्र तर चित्रण, छपाई आणि प्रक्षेपण ही तिन्ही कामे करी. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये कॅमेरा पूर्ण केला.

५/ हाताळणीच्या कसोटीवर तो काळ कठीण होता. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवायचे. सेकंदाला साधारण १६ चौकटी, बहुतेक यंत्रांत एका फेऱ्याला ८. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, तेही एकाच लयीत. लय चुकली की पडद्यावरचा माणूस धावू लागे. कॅमेरा तिवईवर आणि यंत्रचालकाचा हात हीच मोटर.

६/ लेन्सचा प्रश्न वेगळा. लेन्ससाठी लागणारी प्रकाशीय काच त्या काळी हिंदुस्थानात तयार होत नव्हती. त्यामुळे ‘स्वदेशी कॅमेरा’ या बिरुदाचा अर्थ नेमका समजून घ्यावा लागतो. काच बाहेरची असली, तरी तिच्यामागची दातेरी चाके, झडप आणि फिल्मची खिडकी इथे जुळवायची होती. लेन्स आणि फिल्म यांच्यातील अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांनी जरी चुकले, तरी चित्र धूसर होते. खरा कस तिथे होता.

७/ आजच्या लेन्स-सुसंगतीचे मूळही याच अंतरात आहे. लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचे अंतर निकॉन एफमध्ये ४६.५ मिमी, कॅनन ईएफमध्ये ४४ मिमी. कारण मध्ये आरसा हलायला जागा हवी. आरसा गेला आणि अंतर घटले: सोनी ई १८, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २० मिमी.

८/ म्हणून जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चढते. ४६.५ वजा १६ म्हणजे ३०.५ मिमी, तेवढ्या लांबीचा अडॅप्टर मध्ये बसवला की झाले. उलट मात्र जमत नाही. मिररलेसची लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर लावायची, तर ती सेन्सरच्या जवळ न्यावी लागेल, आणि तिथे आरसा आडवा येतो.

९/ अंतर जुळले म्हणजे सारे जुळले असे नव्हे. निकॉनच्या जुन्या एएफ-डी लेन्सना फोकससाठी कॅमेऱ्यातील मोटर लागते. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये ती नाही. फोकस हाताने करावा लागतो. स्थिर बुरुजासाठी हे चालते, धावत्या पालखीसाठी नाही.

१०/ हाताळणीचेही तसेच. हलक्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर आणि जड लेन्स चढली की तोल पुढे जातो. डाव्या हाताने लेन्सला खालून आधार द्यावा लागतो. अडॅप्टर म्हणजे पावसाला आणखी एक सांधा. शिवाय आरशाचा आडोसा नसल्याने लेन्स बदलताना सेन्सर बहुधा उघडा पडतो. आंबा घाटाच्या धुक्यात एकच लेन्स लावून निघणे शहाणपणाचे.

११/ कोल्हापूरच्या कॅमेऱ्याची परीक्षा पडद्यावर झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० मध्ये प्रदर्शित झाला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. यंत्र जुळवणारे दामले १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीच्या संस्थापकांत होते. १९३६ चा ‘संत तुकाराम’ त्यांनी फत्तेलाल यांच्यासह दिग्दर्शित केला.

१२/ कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. पावनखिंडीकडे जाताना वाट थोडी वाकडी करून तो पाहावा. गळ्यातल्या कॅमेऱ्याची चौकट ज्या फिल्मवरून आली, तीच फिल्म या गावात, याच मातीतल्या माणसांनी जुळवलेल्या यंत्रातून फिरली होती.