पाहुण्यांना सेवाग्राम दाखवताना

वर्ध्याला पाहुणे आले, की आश्रम दाखवायचं काम माझ्याकडे. मे महिन्यात त्यांना सकाळी आठलाच बाहेर काढतो. दुपारी पारा 45च्या पुढे, डोक्याला दुपट्टा हवाच. गांधीजी इथे आले तेही 1936च्या एप्रिलअखेरीस, ऐन उन्हात. पुढे पावसाळा, चिखल, डास. त्यांना मलेरिया, शिष्या मीराबेनना टायफॉइड. तरी भेटायला येणाऱ्यांची रीघ काही थांबली नाही.

आश्रमातल्या गांधीजींच्या कार्यालयात साप धरायचा लाकडी पिंजरा आहे. साप मारायचा नाही, लांब नेऊन सोडायचा! तिथेच व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या काळातला टेलिफोन. फोटो सगळे त्याचेच काढतात. परचुरे कुटीकडे मात्र मीच ओढून नेतो. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजी तिथे स्वतःच्या हाताने मालिश करत.