मागाचा ठोका आणि माणसाचें हाड

कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर हातकणंगले हें स्थानक लागतें. तेथें उतरून इचलकरंजीची वाट धरली, म्हणजे यंत्रमागांची खटाखट लवकरच कानांवर येऊं लागते. श्रोतेहो, हा नाद आपणांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचा असेल. मला आज बोलावयाचें आहे तें त्याच धक्क्याच्या दुसऱ्या भागाविषयीं. जो कानांवाटे न शिरतां तळपायांवाटे शरीरांत शिरतो, त्याविषयीं.

योगायोग असा कीं, हा लोहमार्ग १८९१ सालीं सुरू झाला आणि पुढच्याच वर्षीं बर्लिनचे शस्त्रवैद्य युलियुस वोल्फ यांनीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हाड म्हणजे निर्जीव दगड नव्हे. त्यावर जसा भार पडेल तशी त्याची आंतील घडण बदलते, हें त्यांचें प्रतिपादन. त्याचें बीज मात्र एका अभियंत्याच्या नजरेंत होतें. झुरिक येथें शरीरशास्त्रज्ञ मेयर यांनीं उभें कापलेलें मांडीचें हाड दाखविलें, तेव्हां कुलमान यांना त्यांतील बारीक जाळींत ओझें उचलणाऱ्या यारीच्या ताणरेषा दिसल्या. मेयर यांनीं १८६७ सालीं हें छापलें. वैद्य आणि अभियंता यांची ही गांठ मला मोठी रम्य वाटते.

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं पहिला यंत्रमाग बसविला तो १९०४ सालीं. हातमागावरचा ठोका विणकराच्या हाताचा; तो थकला कीं ठोकाहि थकतो. यंत्रमाग थकत नाहीं. मिनिटाला शंभराहून अधिक वेळां धोटा फेंकला जातो, फणी कापडाच्या कडेवर आपटते, आणि प्रत्येक आघात जमिनींत उतरतो.

अशा आघातांकडे वैद्यांचें लक्ष प्रथम गेलें तें हातांमुळें. इटलींत लोरिगा यांनीं १९११ सालीं, व अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत ॲलिस हॅमिल्टन या विदुषीनें १९१८ सालीं, हवेच्या दाबावर चालणारीं हत्यारें धरणाऱ्या कामगारांचीं बोटें पांढरीं पडतात, याची नोंद केली. बोटें दिसतात, हाड दिसत नाहीं. आणि जिवंत विणकराचें हाड कापून कोण पाहणार?

येथें गणित उपयोगी पडलें. माजघरांतला झोपाळा आठवा. त्याच्या लयींत दिलेला हलका रेटाहि त्याला उंच नेतो; अवेळीं दिलेला जोराचा रेटा फुकट जातो. शरीरालाहि अशी लय आहे. बसलेल्या माणसाचें धड सेकंदाला सुमारें ५ उभ्या धक्क्यांना सर्वांत अधिक साद देतें. एकेकट्या लांब हाडाची लय याहून पुष्कळ जलद असते.

विमानांच्या पंखांसाठीं अभियंत्यांनीं एक रीत बसविली होती. वस्तूचे, केवळ गणितांत, असंख्य लहान तुकडे करावयाचे. प्रत्येकास त्याचें वजन व ताठरपणा द्यावयाचा. शेजारच्याशीं त्याचें नातें समीकरणानें जोडावयाचें. आणि हजारों समीकरणें सोडविण्याचें काम संगणकावर सोंपवावयाचें. हॉलंडांत ब्रेकेलमान्स व त्यांचे सहकारी यांनीं १९७२ सालीं ती हाडास लावली. आरंभीं विचार स्थिर भाराचाच झाला, कंपांचा मागाहून. त्याच सुमारास हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅन यंत्रानें पहिल्या रुग्णाच्या मेंदूचीं चित्रें घेतलीं होतीं. पुढें या यंत्रानें हाडाच्या कणाकणाची घनता कळूं लागली, आणि गणितांतलें हाड खऱ्या माणसाचें होऊं लागलें.

मग २००१ सालीं एक चकित करणारी गोष्ट पुढें आली. अमेरिकेंत रूबिन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मेंढ्यांना वर्षभर रोज २० मिनिटें, सेकंदाला ३० वेळां अगदीं हळुवार थरथरणाऱ्या फळीवर उभें केलें. त्यांच्या मागील पायांच्या मांडीच्या हाडांतील जाळी सुमारें ३४ टक्क्यांनीं दाट झाली! म्हणजे कंप हा शत्रूच, असें म्हणतां येत नाहीं. यावरून मागाशेजारीं उभें राहणें हितकर, असा निष्कर्ष कोणी मालक काढील, तर त्याला मेंढीचीं २० मिनिटें आणि विणकराची सबंध पाळी यांतला फरक दाखवावा लागेल. शिवाय मागाचा धक्का फळीसारखा एकसुरी नाहीं. त्यांत मंद ठोक्याबरोबर जलद थरथरहि मिसळलेली असते.

संगणकाला जें द्यावें त्याचेंच तो उत्तर देतो. विणकराविषयीं विचारावयाचें तर एक कंपमापक मागाजवळच्या फरशीवर, एक घोट्याशीं व एक गुडघ्याशीं बांधून पाळीभराची नोंद घ्यावी लागेल. विणकराचें वय, त्याची उभें राहण्याची ढब, आणि त्याच्या पायांत वहाण आहे कीं नाहीं, हेंहि टिपावें लागेल. कारण रबराचा जाड तळ जलद थरथरीचा कांहीं भाग गिळतो, पण मंद ठोका बहुतेक जसाच्या तसा वर जाऊं देतो.