उठायचं कधी? अर्धवट सोडलेल्या डावाचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, 'पोकरमध्ये जिंकत असताना उठावं कधी?' सभागृहात हशा झाला. पण आम्हाला तो प्रश्न इतिहासाचा वाटला, म्हणून आजचं व्याख्यान त्यालाच दिलं आहे.

आपल्याकडे गौरी-गणपतीच्या जागरणात पत्ते पिसले जातात. जिंकणारा मध्येच उठला, की 'पळाला, पळाला' म्हणून ओरडा होतो. तोच न उठता सगळं हरला, की तीच मंडळी म्हणतात, 'तेव्हाच उठायला हवं होतंस.' दोन्ही वाक्यं मागे बघून बोललेली आहेत. आणि आजची गोष्ट आहे ती मागे न बघण्याची.

तिची सुरुवात पोकरच्या आधी, युरोपात होते. दोघं खेळतायत, डाव मध्येच थांबला, तर पणाला लावलेले पैसे कसे वाटायचे? इटलीतल्या लुका पाचोली याने १४९४ साली छापलेल्या ग्रंथात उत्तर दिलं: ज्याने जितके डाव जिंकले, त्या प्रमाणात. ऐकायला न्याय्य वाटतं. १६५४ मध्ये हाच प्रश्न ब्लेझ पास्कल आणि पिएर द फर्मा यांच्या पत्रव्यवहारात आला. पास्कल तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याचं उदाहरण असं: दोघांनी प्रत्येकी ३२ पिस्तोल, म्हणजे सोन्याची नाणी, लावली आहेत. आधी तीन डाव जिंकेल त्याला सगळे ६४. एकाचे दोन झालेत, दुसऱ्याचा एक. इथेच उठले तर?

पाचोलीच्या हिशेबाने पहिल्याला दोन तृतीयांश, म्हणजे ४३ च्या आतबाहेर. पास्कल म्हणतो, पुढचा डाव बघा. पहिला जिंकला तर ६४ त्याचे. हरला तर बरोबरी, म्हणजे ३२ त्याचे. मग ३२ तर खात्रीचेच. उरलेल्या ३२ चे निम्मे, म्हणजे १६. एकूण ४८. संभाव्यतेचं गणित ज्या पत्रांमधून उभं राहिलं, त्यांतली मध्यवर्ती कल्पना एवढीच: किती जिंकलात हे नाही, काय उरलंय हे मोजा.

आता पोकरच्या टेबलाशी येऊ. समोर चिप्सचा ढीग आहे म्हणून उठावं का? निव्वळ ढीग आहे म्हणून नाही. पत्त्यांना तो दिसत नाही. पण ढिगामुळे पुढचा खेळ बदलतो, हे मात्र खरं. टेबलावर जिंकलेल्यातला थोडा भाग खिशात टाकून खेळत राहता येत नाही, असा जुना नियम आहे. दहा हजार घेऊन बसलात, साठ हजार झाले, आणि समोरच्या तरबेज खेळाडूकडेही साठ हजार आहेत. बोलीला मर्यादा नसेल, तर आता एकाच हातात साठच्या साठ जाऊ शकतात. म्हणजे तुम्ही खुर्ची बदलली नाही, पण खेळ बदलला. त्यात पहाटेचे तीन वाजलेले, आणि कच्चे खेळाडू हरून घरी गेलेले.

पास्कलनेच १६५६ मध्ये दुसरा एक प्रश्न मांडला, आणि क्रिस्तियान हायगेन्सने तो १६५७ च्या आपल्या पुस्तिकेत घेतला. त्याला आज 'जुगाऱ्याचं दिवाळं' म्हणतात. साधं रूप सांगतो. खेळ अगदी बरोबरीचा. तुमच्याकडे एक हजार, समोर नऊ हजार. एकाचा खिसा रिकामा होईपर्यंत, एक-एक रुपया लावून खेळायचं. तुम्ही सगळं जिंकण्याची शक्यता दहात एक. न उठणाऱ्याला अप्रामाणिक पत्ते लागत नाहीत. समोरचा मोठा खिसा पुरतो.

हेच गणित लास वेगासमध्ये प्रत्यक्ष दिसलं. डॅलसचा बँकर अँडी बील २००१ पासून तिथल्या नामवंत व्यावसायिकांना एकेकट्याने आव्हान देऊ लागला. डाव जितका मोठा, तितका समोरचा बिचकेल, हा त्याचा डावपेच. कौशल्य व्यावसायिकांचं, पण खिसा त्याचा मोठा. म्हणून त्यांनी पैसा एकत्र केला. त्या गटाला 'द कॉर्पोरेशन' नाव पडलं.

फेब्रुवारी २००६ चा हिशेब पाहा. महिन्याच्या सुरुवातीला बील सुमारे ३३ लाख डॉलर हरला. परत येऊन त्याने सुमारे १ कोटी ३६ लाख जिंकले, आणि तो उठलासुद्धा! आपल्या जागरणातल्या मंडळींनी पाठ थोपटली असती. पण त्याच महिन्यात तो पुन्हा बसला, आणि फिल आयव्हीने तीन दिवसांत त्याच्याकडून सुमारे १ कोटी ६६ लाख जिंकले. महिन्याची बेरीज: ६३ लाखांचा तोटा. उठणं आणि सोडणं यात फरक आहे तो हा. बैठक संपते, खेळ संपत नाही.

मग माणूस बैठकीचाच हिशेब का धरतो? १९९७ मध्ये कॉलिन कॅमरर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या टॅक्सीचालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धंदा जोरात त्या दिवशी ते लवकर घरी जात, मंदा त्या दिवशी जास्त वेळ गाडी चालवत, असं त्यांना आढळलं. फायदा उलट करण्यात होता. पुढे या निष्कर्षावर वाद झाले, पण पत्ते खेळणाऱ्यांना ही सवय ओळखीची आहे: जिंकताना घाईने उठायचं, हरताना 'वसूल' होईपर्यंत बसायचं.

तर त्या श्रोत्याला आमचं उत्तर. ढीग मोजू नका. स्वतःला विचारा: आत्ताच दारातून आत आलो असतो, एवढीच झोप झालेली असती, हीच माणसं आणि एवढेच पैसे टेबलावर असते, तर बसलो असतो का? 'नाही' असेल तर उठा, मग जिंकत असा की हरत. आणि एक विसरू नका. कॅसिनो खेळाडूंकडून आपला वाटा काढतोच. त्यामुळे सरासरी खेळाडूसाठी हा बरोबरीचा खेळसुद्धा नसतो, आणि आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर बसण्याआधीच 'नाही' असतं. घरखर्चाचा पैसा खिशात असेल, तर प्रश्नच विचारायला नको.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.