महागामी गुरुकुल

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील नृत्यसंस्था. स्थापना १९९६. महात्मा गांधी मिशन या शिक्षणसंस्थेच्या आवारात तिचे कार्य चालते. संचालक पार्वती दत्ता या कथक आणि ओडिसी अशा दोन्ही शैलींच्या नर्तकी असून बिरजू महाराज व केलुचरण महापात्र हे त्यांचे गुरू होत.

महाराष्ट्रातील नृत्यनाट्याचे नामवंत संच मुंबईच्या आसपास वाढले. मादाम मेनका यांचे नृत्यालयम् खंडाळ्यास होते, तर शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये लिटल बॅले ट्रूप मुंबईत उभा केला. महागामीची घडण त्यांच्याहून वेगळी आहे. येथे गुरु-शिष्य परंपरेने शिक्षण दिले जाते आणि समूहरचना सादर करणारा संच शिकणाऱ्या शिष्यांतूनच तयार होतो. महानगरापासून दूर असलेल्या शहरात असा संच टिकवायचा, तर शिक्षण आणि प्रयोग एकाच छताखाली असणे फार मोलाचे ठरते.

कथक व ओडिसी या दोन्ही शैली मराठवाड्याबाहेरच्या. तरीही या मातीशी त्यांचे नाते जोडणारा बळकट धागा महागामीला यादवांची राजधानी असलेल्या जवळच्या देवगिरीत सापडला. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने *संगीतरत्नाकर* हा सात अध्यायांचा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे. ग्रंथाचा शेवटचा, नर्तनाध्याय, संपूर्णपणे नृत्याला वाहिलेला आहे. नाट्यशास्त्रातील १०८ करणांबरोबरच (हातापायांच्या एकत्रित नृत्यहालचाली) देशी करणे आणि पेरणी, गौंडली यांसारखे देशी नृत्यप्रकारही त्यात येतात. शास्त्राच्या जोडीला लोकांत रुजलेल्या नृत्याची नोंद घेणारा हा अध्याय नर्तकाने मुळातून वाचावा असा आहे.

शिल्पांचा शेजारही तितकाच मोलाचा. वेरूळच्या लेण्यांत नृत्यमग्न शिव अनेक ठिकाणी आढळतो. शहरालगतच्या औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्याच्या गर्भगृहात वादक स्त्रियांच्या मेळ्यात नाचणारी नर्तकी कोरलेली आहे. तिच्या कमरेचा बाक आणि दोन्ही बाजूंच्या वाद्यांची मांडणी पाहिली, की नृत्य व साथसंगत यांचा एकत्रित विचार येथे किती जुना आहे, हे ध्यानात येते.

शार्ङ्गदेवाच्या नावाने महागामी शार्ङ्गदेव समारोह भरवते. त्यात देशभरातील नर्तक, गायक व वादक आपली कला सादर करतात आणि अभ्यासक सप्रयोग व्याख्याने देतात.