निर्वासित गरोदर स्त्रियांची मानसिक आरोग्य तपासणी

निर्वासित गरोदर स्त्रियांची मानसिक आरोग्य तपासणी म्हणजे युद्ध, छळ किंवा सक्तीचे स्थलांतर अनुभवलेल्या स्त्रियांमधील नैराश्य व चिंताविकार यांची शक्यता प्रसूतिपूर्व सेवेतच ठरावीक प्रश्नांच्या साहाय्याने ओळखण्याची पद्धत होय. हिला 'स्क्रीनिंग' असेही म्हणतात. हे रोगनिदान नव्हे; पुढील मूल्यमापनाची गरज कोणाला आहे, एवढेच तिच्यातून कळते.

पार्श्वभूमी

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात सुमारे १० टक्के गरोदर व १३ टक्के नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रियांना मानसिक विकार, मुख्यतः नैराश्य, जडतो. विकसनशील देशांत हे प्रमाण अनुक्रमे १५.६ व १९.८ टक्के आहे. निर्वासित स्त्रियांच्या बाबतीत पूर्वी सोसलेली हिंसा, आप्तांचा वियोग, वास्तव्याच्या परवान्याची अनिश्चितता, परकी भाषा आणि बाळंतपणात माहेरच्या माणसांचा आधार नसणे हे घटक धोका वाढवतात.

एडिंबरा मोजपट्टी

या तपासणीसाठी 'एडिंबरा प्रसूतिपश्चात नैराश्य मोजपट्टी' मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जॉन कॉक्स, जेनी होल्डन व रूथ सॅगोव्हस्की यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मूळची प्रसूतीनंतरच्या काळासाठी असलेली ही मोजपट्टी पुढे गरोदरपणातही वापरली जाऊ लागली. तिच्यात गेल्या सात दिवसांतील मनःस्थितीविषयी १० प्रश्न असून प्रत्येकास ० ते ३ गुण, म्हणजे एकूण जास्तीत जास्त ३० गुण असतात. थकवा, भूक यांसारखी गरोदरपणात एरवीही आढळणारी शारीरिक लक्षणे तिच्यात विचारात घेतलेली नाहीत. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे.

ऑस्ट्रेलियातील पद्धती

ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार ही तपासणी गरोदरपणात शक्य तितक्या लवकर व नंतर किमान एकदा, तसेच प्रसूतीनंतर ६ ते १२ आठवड्यांनी व पहिल्या वर्षात आणखी एकदा करावी. १० ते १२ गुण आल्यास चार ते सहा आठवड्यांनी ती पुन्हा करतात. १३ किंवा अधिक गुण आल्यास पुढील मूल्यमापन होते. दहाव्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असल्यास एकूण गुण कितीही असले तरी तातडीने दखल घेतली जाते.

मेलबर्नच्या आग्नेयेकडील डँडेनाँग येथे मोनॅश हेल्थ या सार्वजनिक आरोग्यसेवेच्या निर्वासित प्रसूतिपूर्व चिकित्सालयात ही तपासणी नियमित सेवेचा भाग करण्यात आली. तेथे स्त्रिया टॅबलेटवर स्वतःच्या भाषेत उत्तरे देतात आणि गुण आपोआप मोजले जातात. या उपक्रमाविषयीच्या अभ्यासात सहभागी स्त्रियांना तपासणी स्वीकारार्ह वाटली. विचारल्याशिवाय आपण मनातले सांगत नाही, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

भाषांतर व दुभाषी

मोजपट्टीची अनेक भाषांत रूपांतरे झाली आहेत; गोव्यातील मातांच्या अभ्यासात तिचे कोंकणी रूप वापरले गेले. मात्र केवळ शब्दशः भाषांतर पुरत नाही. सहाव्या प्रश्नात कामे झेपेनाशी होण्याचा भाव इंग्रजी वाक्प्रचारातून येतो व तो जसाच्या तसा उतरवल्यास अर्थ हरपतो. भाषा व संस्कृती यांनुसार निर्णायक गुणही बदलू शकतात, म्हणून त्या भाषिक समूहात पडताळलेले रूपच वापरणे इष्ट असते. पती, सासू किंवा मुले यांना दुभाषी करू नये, असा संकेत आहे; घरातील हिंसा किंवा आत्मघाताचे विचार त्यांच्यासमोर उघड होणे कठीण असते. लहान समाजात ओळखीचा दुभाषीही संकोचाचे कारण ठरू शकतो, अशा वेळी दूरध्वनीवरील दुभाषी सोयीचा पडतो.

मर्यादा

कमी गुण म्हणजे मनःस्वास्थ्याची हमी नव्हे. मानसिक आजाराशी जोडलेला कलंक, सरकारी यंत्रणेविषयीची भीती किंवा मुले काढून घेतली जातील ही शंका यांमुळे उत्तरे सौम्य दिली जाऊ शकतात. उलट, जास्त गुण राहण्याची जागा, पैसा किंवा दूर अडकलेल्या कुटुंबाची चिंताही दर्शवू शकतात. तेथे औषधोपचाराबरोबरच सामाजिक साहाय्य लागते. समुपदेशन, उपचार व पाठपुरावा यांची सोय नसताना केलेली तपासणी स्त्रीकडून दुःख वदवून घेते, पण तिला आधार देत नाही. म्हणून तपासणीपूर्वीच पुढील सेवेची व्यवस्था निश्चित असणे आवश्यक मानले जाते.